तळाशी चार दाणे तांदूळ

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिनं बॅग रिकामी केलीच नाही. पलंगाखाली सरकवून ठेवली. रोज लागतील तेवढे कपडे त्यातून काढायची आणि धुऊन वाळले की परत त्यातच घालायची. मी कपाटातला एक अख्खा कप्पा तिच्यासाठी मोकळा केला होता. येता-जाता तो मोकळा कप्पा दिसला की माझं डोकं फिरायचं.

बाबा गेल्यापासून ती खाडीकडच्या आमच्या गावात एकटीच राहत होती. न्हाणी अंगणापलीकडे. तिथंच ती पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही, नालासोपाऱ्यात तुळिंजला फ्लॅट आहे, काम घरूनच चालतं. तेव्हा माझ्या लेखी प्रश्न मिटला होता. आईच्या लेखी तो सुरूही झाला नव्हता. ‘काठी सुटली का मी चालली,’ असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. मी अंघोळीला गेले की ती काठी न घेता भिंतीला धरून चालायचा सराव करायची. भिंतीवर कमरेच्या उंचीला तिच्या हाताचे तेलकट डाग उमटले होते, त्यावरून मला हे कळलं. ती परत गेली तर पुन्हा पडणार आणि या वेळी कुणाला कळणारही नाही, ही भीती माझ्या मनातून हलत नव्हती.

मला मुळात एका जागी बसवत नाही. काम सगळं खुर्चीत बसून करायचं आणि मला खुर्ची चावते. मीटिंग चालू असताना मी कानात इअरफोनचे बोळे घालून हॉल ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालते. आई सोफ्यावर बसून माझ्याबरोबर मान इकडून तिकडे फिरवायची. ‘पायाला भिंगरी लागलीय,’ म्हणायची. एकदा तिनं विचारलंच, ‘तू करतंस तरी काय दिवसभर?’

आता हे आईला सांगायचं कसं? मी कंपायलरवर काम करते. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा हुकमांमध्ये उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. आमचा कंपायलर ग्राफिक्स प्रोसेसरसाठी आहे. चित्रं, गेम आणि हल्लीची एआयची आकडेमोड ज्या चिपवर चालते, ती चिप. तिच्यात एका वेळी हजारो कामकरी राबतात असं समजायचं. प्रत्येकाची स्वतःपुरती थोडी मेमरी असते. काही कामकऱ्यांचा मिळून एक गट केलेला असतो, त्या गटाची एक सामाईक मेमरी असते, ती हाताशी असते आणि झटपट मिळते. आणि मग सगळ्यांची मिळून एक अफाट मोठी मेमरी, पण लांब. या वेगवेगळ्या जागांना अ‍ॅड्रेस स्पेस म्हणतात.

‘घरातला माठ, पाड्याची विहीर आणि पार गावाबाहेरचं तळं,’ मी आईला सांगितलं.

‘मंग पानी कुठलं आनायचं ते आननाऱ्याला ठाव असतंच की.’

तिथंच तर घोडं पेंड खातं. प्रोग्राम लिहिणारा बऱ्याचदा नुसता पॉइंटर देतो. म्हणजे ‘अमुक ठिकाणी जा आणि तिथं असेल ते आण’ एवढंच. ते ठिकाण माठातलं की विहिरीतलं, हे लिहिलेलं नसतं. मग बिचारी चिप दर खेपेला थांबून तपासत बसते आणि त्यात वेळ जातो. आमचा पास, म्हणजे कंपायलरमधला आमच्या टीमचा टप्पा, त्या पॉइंटरचा माग उलटा काढत जातो. हा आला कुठून, त्याला कुणी जन्म दिला, वाटेत कुठं बदलला. सगळ्या वाटा गटाच्या सामाईक मेमरीकडेच जात असतील तर त्यावर तसा शिक्का मारायचा, म्हणजे चिपची चौकशी वाचते. कुठं जरा शंका आली तर हात लावायचा नाही. हळू चाललं तरी चालेल, पण चुकीच्या विहिरीवर कुणाला पाठवायचं नाही.

‘म्हंजे लोकांच्या घरात पानी कुठनं येतं त्याच्या चौकश्या करतंस,’ आई म्हणाली आणि तिनं टीव्ही लावला.

नेमकी त्या दिवसांत ही चौकशी आमच्या अंगाशी आली होती. एका चाचणीत चित्र बिघडत होतं. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका गटाला वाटून दिलेला असतो. तर प्रत्येक चौकोनाचा डाव्या कोपऱ्यातला पहिला ठिपका काळा येत होता. बाकी सगळं चित्र नीट. आमचा पास बंद केला की तेही ठीक. वैताग असा, की प्रोग्राममध्ये कुठंतरी एखादी ओळ इकडची तिकडे केली तरी तो काळा ठिपका गायब व्हायचा. बंगळुरूला बसणारा आमचा टीम लीड शांतपणे म्हणाला, या रिलीजच्या आत सापडलं नाही तर आपण पास बंद ठेवूनच पाठवू. त्याच्या शांतपणाचा मला फार राग आला. कित्येक महिन्यांची मेहनत एका काळ्या ठिपक्यापायी पाण्यात जाणार होती आणि हा माणूस हवामान सांगावं तसं सांगत होता.

याच सुमारास समोरच्या फ्लॅटमध्ये एक बिहारी जोडपं राहायला आलं. तो वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका कारखान्यात मशीनवर होता. ती दिवसभर घरात एकटी. दाराबाहेरचा पॅसेज ती रोज पुसून काढायची, आमच्या दारापर्यंत. आईला तेवढं पुरलं. एक दिवस तिनं वालाचं बिरडं केलं आणि टोप माझ्या हातात दिला. तो गावाहून आणलेला स्टीलचा टोप, काठावर बाबांचं नाव कोरलेला. ‘समोर देऊन ये,’ म्हणाली. मला बरं वाटलं. माणसं जोडतेय म्हणजे रुळतेय, असं मी मनातल्या मनात जमेस धरलं.

दुसऱ्या दिवशी ती बाई टोप परत द्यायला आली. घासून लख्ख केलेला, कोरडा पुसलेला. मी दारातच घेतला, ओट्यावर ठेवला आणि मीटिंगमध्ये शिरले. आईनं झाकण काढून आत बघितलं आणि झाकण परत लावलं.

आमच्या गावात शेजारचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. वाडग्यातून काही आलं तर जाताना त्यात काहीतरी जातं. चिंच, दोन कांदे, सुकी मासळी. घरात द्यायला खरंच काही नसेल तर तळाशी चार दाणे तांदूळ टाकायचे. ते दाणे कुणी शिजवत नाही. द्यायला काही नाही, पण आमचं बरं चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. अगदी रिकामं भांडं फक्त एकाच घरातून परत येतं, ज्या घरात माणूस गेलंय. तिथं चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात आणि त्यांची भांडी तशीच रिकामी येतात. बाबा गेले तेव्हा आमच्या घरातून पाडाभर रिकामी भांडी गेली होती. ती देताना आईनं तोंड भिंतीकडे केलं होतं, हे मला अजून दिसतं.

तेव्हा आईनं जे करायचं ते केलं. दुपारी तांदळाची पेज शिजवली, त्याच टोपात ओतली, डोक्यावर पदर घेतला आणि काठी टेकत समोर गेली. मला सांगितलं नाही. अशा घरी जाताना सांगून जात नाहीत आणि गेल्यावर काही विचारतही नाहीत. जवळ बसायचं, हात धरायचा आणि आपल्याला रडू आलं तर रडायचं.

मी टीम लीडला काळ्या ठिपक्याबद्दल समजावत होते तेवढ्यात दार धडाधड वाजलं. समोरची बाई होती. तोंड पांढरं पडलेलं, हातात फोन.

‘दीदी, अम्माजी को क्या खबर आई है? कुछ बोलती नहीं, मेरा हाथ पकड़ के रो रही हैं।’ तिनं नवऱ्याचा नंबर माझ्यापुढे धरला. ‘ये फोन नहीं उठा रहे।’

मला काही समजेना. समोर गेले तर आई त्यांच्या चटईवर बसलेली, डोळे पुसतेय. बाजूला पेजेचा टोप. ‘आई, काय झालं?’ तिनं मला डोळ्यांनीच दटावलं, गप म्हणून. त्या बाईनं पुन्हा नवऱ्याला फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. मशीनवर असताना फोन कपाटात ठेवावा लागतो हे तिला माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग? एक म्हातारी बाई तोंडातून शब्द न काढता घरात येऊन रडते म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? पुढचा सगळा वेळ माझा जीवही टांगणीला लागला. आपल्याला माहीत नाही ते आईला कुठून तरी कळलंय, असं मलाही वाटायला लागलं होतं.

शेवटी त्याचाच फोन आला. चहाची सुट्टी झाली होती. त्याचा आवाज ऐकला आणि ती भिंतीला टेकून बसली. मग माझ्याकडे, आईकडे बघून म्हणाली, ‘ऐसा कोई करता है क्या?’ तिचा आवाज चढला नव्हता. तिनं उठून दार उघडं धरलं. आम्ही बाहेर आलो आणि ते दार लागलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘तिचं कोन गेला?’

‘कुणी नाही गेलं गं. कुणीच नाही.’

‘टोप रिकामा आला.’

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आईनं हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, ‘मना लाज वाटते. या वयात कुनाच्या घरात जाऊन मरन रडून आली.’ मी म्हटलं, त्यांना आपली रीत माहीत नाही, त्यात तुझा काय दोष. ती म्हणाली, ‘नाय. मना हितली मानसा कलत नाय, हितल्या मानसांना मी कलत नाय. मी जाते.’ तिनं पलंगाखालून बॅग ओढली. ती दाराशी नेऊन ठेवली. मला राग आला होता, कुणावर ते ठरत नव्हतं.

एकच आधार होता. टोप तिकडे राहिला होता. बाबांच्या नावाचा टोप घेतल्याशिवाय आई जाणार नव्हती आणि तो मागायला समोर जायची तिची हिंमत नव्हती. मलाही ‘तू आन’ असं म्हणाली नाही. बॅग दाराशी, आई सोफ्यावर, टोप बंद दारामागे. काम करता करता मी त्या बंद दाराकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, राहू दे गं बाई तुझ्याकडेच, आणखी काही दिवस राहू दे.

काळा ठिपका मला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. आईच्या टोपावरून सुचला असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण तसं झालं नाही. आमच्या पासच्या आधीचा प्रोग्राम आणि नंतरचा प्रोग्राम शेजारी शेजारी लावून, ओळ न् ओळ वाचत, मध्ये मध्ये उठून फेऱ्या मारत, चिडून, असा सापडला.

गोष्ट साधी होती. पॉइंटर कधीकधी कुठंच नेत नसतो. ‘जायला काही नाही’ हेही त्याला सांगता यावं लागतं. नेहमीच्या पॉइंटरमध्ये त्यासाठी शून्य लिहितात. गटाच्या सामाईक मेमरीत मात्र खणांचे नंबर शून्यापासूनच सुरू होतात. शून्य म्हणजे तिथला पहिला खण, त्यात खरीखुरी वस्तू असते. म्हणून आमच्या चिपवर त्या मेमरीत ‘काही नाही’ लिहायला शून्य वापरत नाहीत, भलताच मोठा, कुठल्याच खणाचा नसलेला आकडा लिहितात. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना सीमेवर या ‘काही नाही’चं भाषांतर करावं लागतं. आमच्या पासनं पॉइंटरवर सामाईक मेमरीचा शिक्का मारला, सीमा पुसली, पण ‘हा पॉइंटर कुठंच नेत नाही का?’ ही तपासणी शून्याशीच ताडून बघणारी ठेवली. मग पहिल्या खणात ज्याची वस्तू, त्याचं काम ‘इथं काही नाही’ म्हणून वगळलं जायचं. तोच काळा ठिपका. आणि पहिल्या खणात कोण बसेल हे प्रोग्राममधल्या किरकोळ गोष्टींवर ठरायचं, म्हणून तो कधी दिसायचा, कधी नाही.

सापडल्यावर मात्र मी हसले. एकटीच, मोठ्यानं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, ‘काय झाला?’ मी काही सांगितलं नाही. कामातून शहाणपणाचे धडे काढणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आहे. पण दुरुस्ती करताना हात चालत होते आणि लक्ष समोरच्या दारावर होतं. दोघी बायका आपापल्या रीतीनं ‘काही नाही’ म्हणतायत, आणि मध्ये ते उलगडून सांगणारं कुणीच नाही. मीच तेवढी दोन्हीकडचं कळणारी होते. आणि टोप अडकून राहिलाय यावर मनातून खूश होऊन मी घरात बसले होते. टीम लीडला दुरुस्ती पाठवली. त्यानं हवामान सांगावं तसंच ‘छान’ म्हटलं. पास रिलीजमध्ये राहिला. मी चप्पल घालून समोर गेले.

तिनं दार अर्धंच उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तांदळाचे दाणे, रिकामं भांडं, बाबा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तिच्याकडे दुसऱ्याचं भांडं परत करताना त्यात कणही राहिला तर सासू बोलते, उष्टं दिलं म्हणून. ‘हमने तो दो बार माँजा था,’ ती म्हणाली, ‘कि अम्माजी को बुरा न लगे।’ हे म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी विचारलं, आई गावाला जायला निघालीय, टोप देतेस का. ती म्हणाली, मैं लाती हूँ.

संध्याकाळी ती आली. एका हातात टोप, दुसऱ्या हातात झाकणाचा डबा. टोपात मूठभर तांदूळ. डब्यात ठेकुआ, गव्हाच्या पिठाचे गूळ घालून तळलेले, अजून कोमट. आईनं टोपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

‘तू सांगितलंस,’ ती म्हणाली. ती खूश झाली नव्हती. मी सांगितल्यावरून आलेले तांदूळ होते ते. पण तिनं त्या बाईला बसवलं, चहा केला. दोघी फार बोलल्या नाहीत. आईला हिंदी येत नाही आणि तिला मराठी. चहा पिऊन ती गेली, डबा राहिला.

टोप आला होता. आता आईला थांबायला काही कारण नव्हतं. रात्री तिची गोळी देताना मी एवढंच सांगितलं, की समोरच्यांकडे परत केलेल्या भांड्यात कण राहिला तर उष्टं दिलं म्हणतात. बॅग दाराशीच होती.

सकाळी मी उठून आले तर ती ओट्याशी उभी होती. ठेकुआ ताटलीत काढून ठेवले होते आणि ती डबा घासत होती. घासून झाल्यावर पदरानं कोरडा केला. मग तांदळाच्या डब्यात हात घातला, चार दाणे चिमटीत घेतले, घासलेल्या डब्यावर धरले. आणि तशीच उभी राहिली. मी दारात होते, तिला दिसत नव्हते. कितीतरी वेळानं तिनं ते दाणे परत तांदळात टाकले. ठेकुआच्या डब्याला झाकण लावलं.

‘मी नेऊन देऊ का?’ मी विचारलं.

‘नको. मीच देते.’

काठी एका हातात, रिकामा डबा दुसऱ्या हातात, असं ती पॅसेज ओलांडून गेली. मी आमच्या दारातून बघत होते. त्या बाईनं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि हसून डबा छातीशी धरला. तिच्या दृष्टीनं सगळं रीतसर झालं होतं. आईची पाठ माझ्याकडे होती.

ती परत आली तेव्हा घामानं भिजली होती. सोफ्यावर बसली. मी पाणी दिलं. त्या दिवशी मला नालासोपारा स्टेशनजवळ लॅपटॉप दुरुस्तीला टाकायचा होता, बाजारातून भाजी आणायची होती. मी पिशवी घेऊन चप्पल पायात सरकवली.

‘आज भायेर जाऊ नको,’ आई म्हणाली.

‘का?’

‘भांडा रिकामा दिलाय घरातून.’ ती माझ्याकडे बघत नव्हती. ‘माझ्याकडं तू एकलीच हायस.’

मी चप्पल काढली. लॅपटॉप राहिला, भाजी राहिली. दिवसभर मी घरातच थांबले. हॉलमध्ये एक-दोन फेऱ्या मारून झाल्यावर आईनं सोफ्यावर शेजारी हात आपटला, बस म्हणून, आणि मी बसले. टीव्हीवर कसलीतरी मालिका चालू होती. ती बघत नव्हती, मीही नाही. तिचा हात माझ्या मनगटावर होता, आणि जिन्यात कुणाची पावलं वाजली की तो घट्ट व्हायचा. संध्याकाळी समोरच्या बाईचा नवरा कामावरून परतल्याचा आवाज आला, त्यांचं दार उघडलं, बंद झालं. दिवेलागणीनंतर आम्ही जेवलो. उरलेले ठेकुआ खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं, तेव्हा त्या कप्प्यात तिची लुगडी होती, घड्या घालून. त्यांच्यावर बाबांचा टोप पालथा ठेवलेला होता. रिकामी बॅग तिनं माळ्यावर टाकायला काढून ठेवली होती.